एकाहत्तर रिकाम्या चौकटी

रेकॉर्ड रूमला आतून कडी होती, म्हणून नाजिमा तांबोळी दुपारी साडेबारा ते एक तिथे बसायची. शनिवार पेठेतल्या त्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात आतून कडी लागणाऱ्या खोल्या तीनच : ऑपरेशन थिएटर, डॉ. मोडकांची केबिन आणि ही. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली तेव्हा लेक सात महिन्यांची होती. दूध काढायला जागा हवी म्हणून ती ऑफिसात विचारायला गेली, तर तिथल्या मुलीने "वॉशरूम आहे ना" असं अगदी प्रेमाने सांगितलं. मग रेकॉर्ड रूमच्या दत्तोबांनी काही न बोलता आपलं स्टूल उचलून दाराबाहेर नेलं. कुणी फाइल मागायला आलं की ते म्हणत, "आत मोजणी चाललीय. एक वाजता या."

"कसली मोजणी?"

"मोजून झाली की कळेल."

पंपाची घरघर, पायाशी बर्फाची पिशवी, मांडीवर फाइल. एकच हात मोकळा असायचा, त्यामुळे पानं उलटता यायची, लिहिता यायचं नाही. म्हणून वाचायचं ते ती इथे वाचून घ्यायची आणि एकनंतर वर जाऊन संगणकात भरायची.

काम एंडोमेट्रिओसिसच्या संशोधनाचं होतं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसल्याच पेशी या आजारात बाहेर कुठेतरी रुजतात, अंडाशयावर, आतड्यावर, पोटातल्या पडद्यावर. महिन्याच्या महिन्याला त्याही सुजतात, पण त्यांना वाहून जायला वाट नसते. कुणाला त्याने इतकं दुखतं की उभं राहवत नाही, कुणाला मुळीच दुखत नाही, आणि असं का होतं ते नीट कुणालाच माहीत नाही. ते शोधायला सात शहरांतली हॉस्पिटलं एकत्र आली, आणि पहिल्याच बैठकीत अडली. एक सर्जन ऑपरेशनच्या नोंदीत 'थोडे डाग' लिहितो, दुसरा 'बऱ्यापैकी' लिहितो, तिसरा नुसती दोन अधिकची चिन्हं काढून मोकळा होतो. कापून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो, पण तो पोटात नेमका कुठून आला हे कागदावर नसतं. म्हणून सगळ्यांसाठी एकच नऊ पानी फॉर्म ठरला. डाग लाल, काळा की पांढरा. किती मिलिमीटर. कुठे. किती खोल. ओटीपोटाचं चित्रही होतं, त्यात रंग भरायचा होता. नव्या ऑपरेशनांसाठी हा फॉर्म थिएटरातच भरायचा आणि जुन्या दोनशे बारा ऑपरेशनांच्या नोंदी नाजिमाने वाचून त्यात बसवायच्या.

फॉर्ममध्ये प्रत्येक जागेपुढे तीन पर्याय होते : आजार आहे, आजार आढळला नाही, जागा पाहिलेली नाही. आता जुन्या नोंदी असतात चार ओळींच्या. ज्या जागेबद्दल सर्जनने काही लिहिलेलंच नाही, तिथे काय भरायचं? नाजिमाने हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात डॉ. शरच्चंद्र मोडकांना विचारला होता. ते हॉस्पिटलचे मुख्य सर्जन, आणि दोनशे बारांपैकी बहुतेक ऑपरेशनं त्यांनीच केलेली.

"लिहिलं नाही म्हणजे नव्हतं," ते म्हणाले होते. "असतं तर लिहिलं नसतं का?"

हा नियम तिने स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवून संगणकाशेजारी चिकटवला. नियम सोयीचा होता हे तिलाही कळत होतं. 'जागा पाहिलेली नाही' यावर टिचकी मारली की एक चौकट उघडायची, कारण मागायची, सर्जनची सही मागायची, आणि मध्यवर्ती कार्यालयाकडून प्रश्नांचं पत्र यायचं. 'आढळला नाही' निवडलं की काहीच विचारत नसे. पाचला निघालं तर ती साडेपाचला कोंढव्यात घरी पोचायची आणि लेक जागी सापडायची. गर्भाशयाच्या मागची, आतड्याच्या पुढची जी खोलगट जागा असते, ती एकाहत्तर नोंदींत रिकामी होती. एकाहत्तर वेळा तिने 'आढळला नाही' भरलं. तीन दिवसांत झालं.

एथिक्स कमिटीचा आग्रह होता की ज्या बायकांनी संमती दिली त्यांना काहीतरी परत मिळावं. म्हणून संगणक प्रत्येकीसाठी सोप्या मराठीत एक पान तयार करायचा : तुमच्या ऑपरेशनमध्ये काय दिसलं. त्या पानाची भाषा नाजिमाने दोनदा सुधारली होती. 'निष्कर्ष' काढून 'काय दिसलं' केलं होतं. ती पानं एप्रिलमध्ये पोस्टाने गेली.

जूनमधल्या एका शुक्रवारी, पावणेएकला, तिचा फोन वाजला.

"मॅडम, मी ऋतुजा बेनकर, धायरीहून. ओळखलंत का?"

नाजिमाने ओळखलं. संमतीसाठी तिने संध्याकाळी घरून जितक्या बायकांना फोन केले त्यांत ऋतुजा एकटी अशी होती जिने उलट विचारलं होतं, "तुमचं बाळ रडतंय का मागे? जा, घ्या आधी. मी थांबते." वय एकतीस, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. सहा वर्षांपूर्वी मोडकांनी तिच्या डाव्या अंडाशयातली गाठ काढली होती.

"मॅडम, तुमच्या त्या कागदाचा लई उपयोग झाला, खरंच. मी तो कात्रजच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, वा, एवढं नीट लिहिलेलं कुणी आणतच नाही. बाकी सगळीकडे साफ आहे म्हणजे दुखणं गर्भाशयाचंच आहे. सोनोग्राफीत पण ते सुजलेलं दिसतंय. काढून टाकू म्हणाले. येत्या गुरुवारची तारीख दिलीय."

"काढून? म्हणजे पूर्ण गर्भाशय?"

"हो ना. सुटले एकदाची. मूलबीळ नको आता मला, मॅडम, मला नुसती झोप पाहिजे. फक्त त्या कागदावर तुमच्या हॉस्पिटलचा शिक्का हवाय. सोमवारी आले तर मिळेल?"

"मिळेल," नाजिमा म्हणाली, कारण दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही.

पंप बंद केला. दार उघडून तिने दत्तोबांना ऋतुजाच्या फाइलचा नंबर सांगितला. त्यांनी शिडी न घेता, रॅकवर पाय देऊन फाइल काढली, लाल रबर तुटलं, त्यांनी ते खिशात ठेवलं. नोंद चार ओळींची होती, एका शिकाऊ डॉक्टरच्या अक्षरात. डाव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ. काढली. उजवं अंडाशय ठीक. रक्तस्राव नाही. मागच्या जागेबद्दल एक शब्दही नव्हता.

मग तिने ऋतुजाने या वर्षी भरलेली प्रश्नावली काढली. कुठे दुखतं, कधी दुखतं. बहुतेक जणी नुसत्या खुणा करतात. ऋतुजाने समासात लिहिलं होतं : 'त्या चार दिवसांत संडासला बसताना भिंत धरावी लागते. आतून कुणी दोरी ओढतंय असं. सासूबाई बाहेर उभ्या राहतात, मी पडेन म्हणून.'

नाजिमा डॉक्टर नव्हती. पण दोनशे बारा फॉर्म भरलेल्या माणसाला काही गोष्टी दिसायला लागतात. ज्या बायका भिंत धरून बसतात असं लिहितात, त्यांच्या मागच्या जागेपुढे 'आजार आहे' असतं. जिथे कुणी पाहिलेलं असतं तिथे. आणि आजार मागे असला तर गर्भाशय काढूनही दोरी ओढलेलीच राहणार.

मोडक केबिनमध्ये ताक पीत होते.

"सर, बेनकर म्हणून पेशंट आहे, सहा वर्षांपूर्वीची. तिच्या नोंदीत मागच्या जागेचा उल्लेख नाहीये."

"बरं."

"आपण 'आढळला नाही' भरलंय."

"आपण नाही. तुम्ही."

"नियम तुमचा होता, सर."

"नियम माझा, टायपिंग तुमचं. मग ही पंचाईत आज का?"

तिने गुरुवारचं सांगितलं. मोडकांनी ताकाचा पेला खाली ठेवला, पण आवाज तसाच राहिला. "अहो तांबोळी, बत्तीस वर्षं पोटात बघतोय मी. समोर दिसलेला आजार लिहायला विसरेन, असं वाटतं तुम्हाला?"

"दिसलेला नाही विसरणार. पण पाहिलंच नसेल तर ते कोण लिहिणार?"

त्यांनी पेला आणखी दूर सरकवला. मग म्हणाले, "नोंद कुणी लिहिलीय?"

"तेव्हाचे शिकाऊ डॉक्टर. आता कॅनडात आहेत."

"उत्तम. चुका करणारे सगळे कॅनडातच असतात." त्यांनी फाइल तिच्या हातून घेतली, चार ओळी वाचल्या, उलटून मागचं कोरं पान पाहिलं. "सहा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार मला आठवत नाही, बाई. खोटं सांगून काय उपयोग? आणि गर्भाशय सुजलंय हे कात्रजवाला खोटं सांगत नसेल. त्याने काढलं तर चुकलं असं मी कशावरून म्हणू?"

"सीडी असेल," नाजिमा म्हणाली.

त्या काळी दुर्बिणीच्या ऑपरेशनची सीडी पेशंटला द्यायची पद्धत होती. हॉस्पिटलचा फोटो आणि कोपऱ्यात गणपती छापलेल्या पाकिटात घालून, डिस्चार्जच्या दिवशी, गोळ्यांबरोबर. हॉस्पिटलने स्वतःकडे एकही ठेवली नव्हती. लोक ती घरी नेत, आणि कुणीही कधी पाहत नसे.

ऋतुजाला फोन केला तेव्हा तिने हाक मारून घरात विचारलं, आणि मागून एक म्हातारा खणखणीत आवाज आला, "हाय की! लग्नाच्या सीडीखाली हाय. तिच्या पोटातलं हाय त्यात, मी कशाला टाकीन?"

सोमवारी अकराला दोघी आल्या. ऋतुजा उंच, केस घट्ट बांधलेले, खांद्याला मोठी पर्स. तिच्या सासूबाई, शकूबाई बेनकर, हिरव्या नऊवारीत, हातात पाकीट दोन्ही बाजूंनी धरलेलं, प्रसादाचं ताट धरतात तसं. ऋतुजा त्यांना आत्या म्हणत होती.

"शिक्का मारायला सीडी कशाला लागते, मॅडम?" ऋतुजाने विचारलं.

"डॉक्टरांना एकदा बघायचंय. मग सांगते. बसा तोवर."

"ऑपरेशनला मीच नको म्हणत होते," शकूबाई नाजिमाला म्हणाल्या, सून ऐकत असतानाच. "पिशवी काढायची म्हंजी काय भाजी निवडायची हाय का? पण ही म्हणती, आत्या, तुम्ही दाराबाहेर उभ्या राहता, आत मी असती. आता त्याला मी काय बोलू?"

"नका बोलू," ऋतुजा म्हणाली. दोघी हसल्या. हे बोलणं त्यांच्यात बरेचदा झालेलं असावं.

सीडी चालेल असा संगणक सगळ्या हॉस्पिटलात एकच उरला होता, दत्तोबांचा. त्यामुळे मोडकांना रेकॉर्ड रूममध्ये यावं लागलं. रॅकमधून आडवे होत ते आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या फायली मी केल्या?"

"तुमच्या इकडच्या भिंतीला," दत्तोबा म्हणाले. "समोरच्या तुमच्या आधीच्या साहेबांच्या. त्यांचं अक्षर तरी लागायचं." आणि स्टूल आत सरकवून ते बाहेर गेले.

चित्रफीत अठ्ठेचाळीस मिनिटांची होती, आवाज नव्हता. पडद्यावर गुलाबी, ओलसर, श्वासाबरोबर हलणारं काहीतरी आलं. बाहेर बाकावर बसलेल्या बाईचं आत असं दिसतं, हे नाजिमाच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. मोडक मात्र एकदम सैल झाले, ओळखीच्या गल्लीत शिरल्यासारखे. "हे गर्भाशय. ही डावीकडची गाठ. बघा, कसली चॉकलेटी आहे. पुढे घ्या. स्वच्छ काढलीय. पुढे."

एकतिसाव्या मिनिटाला कॅमेरा मागे वळला. गर्भाशयाच्या पाठीला आतडं चिकटलेलं होतं, दोन ओले कागद चिकटावेत तसं, मधे फट नाही. डावीकडून एक चिमटा आला, त्याने कड धरून जरा उचलून पाहिली. लाल झिरपलं. चिमटा सोडून गेला. कॅमेरा पुन्हा अंडाशयावर आला आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिला.

"मागे घ्या," मोडक म्हणाले.

त्यांनी ती अकरा सेकंदं तीनदा पाहिली.

"पूर्ण बंद आहे," ते म्हणाले. "ते सोडवायला आतड्याचा सर्जन लागतो. संमती फक्त गाठीची होती, आतड्याची तयारी केलेली नव्हती. ओढलं असतं तर भोक पडलं असतं." ते फाइलच्या कोऱ्या पानाकडे पाहत बोलत होते. "सोडवलं नाही ते बरोबरच केलं. उद्याही तसंच करीन. पण हे लिहायला पाहिजे होतं. आणि तिला सांगायला पाहिजे होतं. त्यातलं काहीच झालेलं दिसत नाही."

"बाहेर येऊन नवऱ्याला तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणालात, असं प्रश्नावलीत आहे, सर."

"म्हणालो असेन. गाठ निघाली की आपल्याला सगळं ठीकच वाटतं." ते उठले. "बोलवा त्यांना वर. आणि तुम्हीही थांबा. कडेला नाही, खुर्चीवर."

केबिनमध्ये ऋतुजाने कागद आधीच टेबलावर काढून ठेवला होता, शिक्क्यासाठी सरळ करून. घडीवर तो मऊ पडला होता. मोडकांनी प्रस्तावना केली नाही.

"बेनकर, या कागदावर एक ओळ चूक आहे. गर्भाशयामागची जागा, आजार आढळला नाही. ते खरं नाही. ती जागा मी पाहिलीच नव्हती. आतडं चिकटलेलं होतं, मी ते सोडवलं नाही. आत्ता सीडीवर बघितलं."

ऋतुजाने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पाहिली नव्हती म्हणजे?"

"म्हणजे तिथे काय आहे ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. जे चिकटलंय त्यावरून तिथे आजार असण्याची शक्यता बरीच आहे. आणि तुम्हाला जे होतं, भिंत वगैरे, ते त्यामुळे असू शकतं. नुसतं गर्भाशय काढून ते जाईल असं मी सांगू शकत नाही."

"पण इथं तर छापलंय."

नाजिमा म्हणाली, "ते मी भरलंय." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ निघाला. "जुन्या नोंदीत त्या जागेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मला 'पाहिलेली नाही' असं भरता आलं असतं. मी 'आढळला नाही' भरलं. ते भरायला कमी वेळ लागत होता."

"तुम्ही?" ऋतुजा म्हणाली. "तुम्ही तर फोनवर किती नीट बोलायचात."

नाजिमाने टेबलावरच्या कागदात त्या ओळीवर बोट ठेवलं.

शकूबाईंनी पदर सावरला. "डॉक्टरसाहेब, मी अडाणी बाई हाय, चुकलं तर सांगा. सहा वर्सं माझा ल्योक हिला म्हणतोय, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक हाय, मग तुझं काय चाललंय. मी पण एकदा-दोनदा म्हणले. ते सगळं तुमी न बघताच?"

"हो," मोडक म्हणाले.

"व्हय म्हणतायत," शकूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, जणू तिला ऐकू गेलं नसेल.

"ऐकलं, आत्या."

ऋतुजाने कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. ती रडली नाही. नाजिमाला वाटलं होतं की ती सुटल्यासारखी होईल, कारण इतकी वर्षं तिचं म्हणणं खरं होतं. तसं काही दिसलं नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"माझी तारीख सोळाला आहे," शेवटी ती म्हणाली. "गुरुवारी ऑपरेशन म्हणजे बारा. यावेळचे चार दिवस माझे चुकणार होते. मी तेवढंच धरून बसले होते. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते? मूल नाही होणार, हे मी गिळलं. सगळ्यांना सांगून झालं. घरच्यांना, माझ्या आईला. आता तुम्ही म्हणताय थांब."

"मी थांब म्हणत नाही," मोडक म्हणाले. "ते तुम्ही ठरवायचं. गर्भाशय सुजलंय हे खरंय, त्याचाही त्रास असेल. कदाचित काढूनही बरं वाटेल. पण कात्रजच्या डॉक्टरांनी हा कागद धरून ठरवलंय आणि कागद चूक आहे, हे त्यांना आज कळलं पाहिजे. मी आत्ता फोन करतो. एमआरआय करायला लागेल. मग जो कुणी ऑपरेशन करेल, त्याने आतड्याचा सर्जन शेजारी घेऊन आधी मागे बघायचं. काय आहे ते दिसल्यावर गर्भाशयाचं ठरवायचं. ते ठेवताही येईल."

"किती दिवस?"

"दीड-दोन महिने."

"म्हणजे अजून दोनदा."

"दोनदा. तेवढ्यापुरत्या गोळ्या बदलून देता येतील. पूर्ण जाणार नाही."

"आणि ऑपरेशन तुम्ही करणार?"

मोडकांनी चष्मा काढला. "मी केलेलं तुम्हाला चालेल का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली.

शकूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, गप्प बस म्हणून की शाब्बास म्हणून ते कळलं नाही. मोडकांनी मान डोलावली. "बरोबर आहे. दोन नावं देतो. दोघंही माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि हे मी वर्षातून एकदाच म्हणतो."

कुणी हसलं नाही. त्यांनी कात्रजला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांशी ते चार मिनिटं बोलले, आणि त्यात 'मी पाहिलेलं नव्हतं' हे वाक्य दोनदा आलं. पलीकडचे डॉक्टर, नाजिमाला ऐकू आलं तेवढ्यावरून, शांतपणे म्हणाले की बरं झालं सांगितलंत, निर्णय पेशंटचा. फोन ठेवून मोडकांनी लेटरहेड ओढलं आणि स्वतःच्या हाताने, वाचता येईल अशा अक्षरात, घडलेलं आणि ती दोन नावं लिहायला घेतली. नाजिमाने आपल्या संगणकाशी जाऊन दुरुस्त केलेलं पान छापलं. त्या ओळीपुढे आता 'जागा पाहिलेली नाही' होतं, खाली कारण होतं, आणि सहीची जागा. परत आल्यावर तिने ते मोडकांपुढे ठेवलं. त्यांनी सही केली.

"बाकीच्या किती?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

"त्यातल्या कुणाकुणाला कागद गेलेत?"

"सगळ्यांना."

"उद्यापासून रोज पाच. तुम्ही फोन लावा, मी बोलेन. मध्यवर्तीवाले ओरडले तर ओरडू दे." मग जरा थांबून, "आणि पाचनंतर नाही. तुम्हाला घरी जायचं असतं."

ऋतुजाने पत्र आणि दोन्ही कागद घेतले. जुना तिने टाकला नाही, नव्याबरोबर घडी करून पर्समध्ये ठेवला. उठताना ती नाजिमाला म्हणाली, "बाळ किती महिन्यांचं झालं?"

"साडेअकरा."

"चालते का?"

"धरून."

"हं," ऋतुजा म्हणाली, आणि दाराबाहेर गेली. ती रागावलेली होती, तरी विचारलं. नाजिमा तिच्या मागोमाग व्हरांड्यात आली, काही बोलायचं म्हणून नाही.

शकूबाई बाकावर बसून चपला घालत होत्या. "ठरलं काय तुझं?" त्यांनी विचारलं. "नंतर म्हणू नको आत्यांनी केलं. तुझं पोट हाय. गुरुवारी काढायची म्हणलीस तर मी येती संगं. नाय म्हणलीस तरी येती."

ऋतुजा भिंतीला टेकून उभी राहिली. समोर ओपीडीची रांग होती, एक बाई पोटाशी पिशवी घट्ट धरून या दोघींकडेच बघत होती. मिनिटभराने ऋतुजाने फोन काढला आणि नंबर लावला.

"हॅलो, कात्रजच्या हॉस्पिटलचं ऑफिस का? मी ऋतुजा बेनकर. गुरुवारी सकाळी नऊची माझी वेळ होती ना, ती दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही, घाबरले नाहीये. आधी बघायचंय."